आजोबांच्या गोळ्यांची पिशवी उघडा

वय झालं की हात कापणार आणि विसर पडणार, हे आपण धरूनच चालतो. गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रांत औषधनिर्माता म्हणून नोकरी केल्यावर मी एवढंच सांगेन: वयाला दोष देण्याआधी म्हाताऱ्या माणसाची गोळ्यांची पिशवी खाटेवर उपडी करा.

एका तेंदू हंगामात एक आजोबा आले. सत्तर पानांचा पुडा बांधताना हात थरथरायचे. ‘वय झालं जी,’ मुलगा म्हणाला. पिशवीत चक्करेची गोळी निघाली, सिनारिझिन. थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली ती गोळी मेडिकलमधून आणून ते वर्षभर खात होते. डॉक्टरांनी ती बंद केली. थरथर ओसरायला काही महिने लागले, पण ओसरली.

असं का होतं? मेंदूतली एक पेशी मधल्या बारीक फटीत रसायन सोडते, पलीकडच्या पेशीवरचे ग्राही ते टिपतात. हालचालीचा निरोप डोपामिन नेतं. आठवण आणि लक्ष यांसाठी ॲसिटिलकोलिन लागतं. वयाबरोबर डोपामिन बनवणाऱ्या पेशी आणि ते टिपणारे ग्राही, दोन्ही घटतात. ॲसिटिलकोलिनची यंत्रणाही दुबळी होते. तरुणपणी शिल्लक भरपूर असते, त्यामुळे गोळीचा घाव सोसला जातो. सत्तरीत तो सोसवत नाही.

सिनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन डोपामिनचे ग्राही अडवतात. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि मुरड्यावरचं डायसायक्लोमिन ॲसिटिलकोलिनची वाट रोखतात. मग आजी रात्री उठून असंबद्ध बोलते, तिची लघवी तुंबते, आणि घरचे तिला पुजाऱ्याकडे नेतात.

सगळी थरथर गोळ्यांमुळे येत नाही. कंपवातात डोपामिनच्या पेशी वयाच्या मानानं फार झपाट्यानं मरतात. त्यावर लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची जोडगोळी आहे, ती राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. 1937 साली भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं होतं. पण प्रत्येक बीत त्याचं प्रमाण वेगळं, म्हणून घरी बिया कुटून खाणं धोक्याचं.

‘मेंदूचे आजार शहरवाल्यांचे’ हे तर कुणी बोलूच नये. शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीतल्या 86 गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा लकवा हे सर्वांत मोठं कारण निघालं; सातांतला सुमारे एक मृत्यू त्यानं झाला होता.

आशाताई तिशीपुढच्या माणसांचे बीपी-शुगरचे अर्ज भरतातच. साठीपुढच्यांसाठी त्यात एक रकाना वाढवा: कोणती गोळी, कोणी दिली, कधीपासून. महिन्यातून एकदा डॉक्टरांनी तो तपासावा. गोळी कमी करायची की थांबवायची हे त्यांनीच ठरवावं, कारण काही औषधं एकदम सोडली तर जिवावर बेततं. आणि लेव्होडोपाची गोळी भामरागड-जिवतीच्या सरकारी दवाखान्यातही मिळायला हवी. त्या गोळीसाठी म्हाताऱ्यानं नागपूर गाठावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.