सहाव्या जागेवरचं व्हॅलिन

'नीट'चे गुण कमी पडले की रायपूरच्या भनपुरी, बिरगाव, उरला या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या घरांतही मुलांच्या पुढच्या शिक्षणाची चिंता सुरू होते. त्या बोलण्यात बायोकेमिस्ट्रीचं नाव निघतं ते अगदी शेवटी, उरलंसुरलं म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं. वैद्यकीय जीवरसायनशास्त्र, म्हणजे हीच बायोकेमिस्ट्री, शिकायचं कारण या मुलांच्या आसपासच, छत्तीसगडच्या गावागावांत आहे.

ते कारण म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, व्हॅलिनवर नसतो. मग ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि 120 दिवस जगणारी पेशी 10-20 दिवसांत फुटते. 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांच्या गटाने हे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळं सरकतं हे दाखवलं; नेमका बदल व्हर्नन इन्ग्रम यांनी 1957 मध्ये पकडला. पुढच्याच वर्षी नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. विदर्भ आणि छत्तीसगड या आजाराच्या बाबतीत एकाच पट्ट्यात येतात, आणि आजार फक्त आदिवासींपुरता नाही.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचं. पण तपासणार कोण? सोल्युबिलिटी चाचणीत नळी गढूळ झाली तर एचबी-एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, आहे इतकंच कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस (विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिन वेगळं करणं) किंवा एचपीएलसी या चाचणीशिवाय ठरत नाही. तान्ह्या बाळात एचबी-एफ, म्हणजे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, भरपूर असतं, म्हणून तिथे सोल्युबिलिटी चाचणी फसते. हे 'का' ज्याला उमगलंय, असा माणूस प्रयोगशाळेत हवा. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. इथे रिपोर्ट चुकला तर एखाद्या मुलीचं ठरलेलं लग्न विनाकारण मोडू शकतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की रायपुरात वैद्यकीय जीवरसायनशास्त्राची पदवी पहिल्या सत्रापासून सिकलसेलच्या आधाराने शिकवावी. प्रथिनांची रचना, विद्युतभार, जनुकं, हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने एचबी-एफ का वाढतं, सगळं या एका आजारातून उलगडतं. 2012 पासून एम्स आहे, जुनं मेडिकल कॉलेज आहे, सिकलसेल संस्थान आहे. मुलांना तिथल्या प्रयोगशाळांत नेलं पाहिजे.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या पदवीने मूल डॉक्टर होत नाही, रिपोर्टवर सही करायचा अधिकारही मिळत नाही. तेव्हा प्रवेशाआधी कॉलेजला विचारा: इलेक्ट्रोफोरेसिस मुलं स्वतःच्या हातांनी करतात का? हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत किती महिने काम मिळतं? पुढे एम.एस्सी.ला आणि तंत्रज्ञ म्हणून नोंदणीला ही पदवी चालते का? उत्तरं लेखी घ्या, मगच फी भरा.