‘हे तुम्हाला कुठे मिळाले?’

घरबसल्या लेख लिहून देऊन चार पैसे मिळवणारी मुले-मुली आता आपल्या घरांतही आहेत. कुणी पर्यटनाच्या संकेतस्थळांसाठी लिहिते, कुणी आरोग्याच्या, कुणी यूट्यूबवाल्यांना बोलण्याचा मजकूर तयार करून देते. शब्दामागे काही पैसे असा भाव ठरतो आणि महिनाअखेर खात्यात रक्कम जमा होते. ज्या मुलींना नोकरीसाठी रोज शहर गाठणे जमत नाही, त्यांना हे काम विशेष सोयीचे. ते मिळवायचे कसे, पैसे बुडाले तर काय करायचे, असे प्रश्न आम्हाला नेहमी विचारले जातात. लिहिलेले खरे आहे हे कशावरून, असे मात्र फारसे कुणी विचारत नाही. ग्राहक एक दिवस तेच विचारतो आणि उत्तर नसले की पुढचे काम दुसऱ्याकडे जाते.

म्हणून या वेळी एक उदाहरण घेऊ. समजा, धर्मापुरीतल्या एका मुलीला काम आले: ‘तुमच्या गावावर हजार शब्द लिहून द्या.’ धर्मापुरी हे आपल्या बीड जिल्ह्यातले, अंबाजोगाईच्या बाजूचे गाव. गावात भुईकोट किल्ला आहे, केदारेश्वराचे जुने कोरीव मंदिर आहे. मुलगी मोबाइल उघडते, गावाचे नाव टाकते. समोर चार-पाच पाने येतात आणि सगळ्यांत मजकूर जवळपास तोच असतो. वाक्यांचा क्रम तोच, कधी कधी टंकनाची चूकसुद्धा तीच. तिला वाटते, पाच ठिकाणी लिहिले आहे म्हणजे पक्के असणार.

पाच पाने म्हणजे पाच पुरावे नव्हेत. सगळ्यांनी एकमेकांचे उतरवले असेल तर पुरावा एकच, आणि पहिल्याने कुठून घेतले हे सांगितले नसेल तर तोही नाही. मुहद्दिसांनी ही गोष्ट हजार वर्षांपूर्वीच ओळखली होती. एखादी रिवायत दहा जणांनी सांगितली, पण दहाही जणांच्या सनदी वर जाऊन एकाच रावीपाशी मिळत असतील, तर वजन त्या एका रावीचे धरले जाई. ज्या समाजात मदरशातल्या मुलालाही सनद म्हणजे काय हे माहीत असते, त्या समाजातल्या लिहिणाऱ्याला ‘आधार द्या’ हे नव्याने शिकवावे लागू नये, असे आम्हाला वाटते.

मग धर्मापुरीच्या मुलीने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे मोबाइल खिशात ठेवून घराबाहेर पडावे. मुंबई-पुण्याला बसून याच गावावर लिहिणाऱ्यापेक्षा ती एका बाबतीत कितीतरी पुढे आहे: किल्ला तिच्या चालण्याच्या अंतरावर आहे. तट कुठे शाबूत आहे, कुठे ढासळला आहे, दरवाजा कोणत्या दिशेला आहे, कुठे अक्षरे कोरलेली दिसतात का, पुरातत्त्व खात्याचा फलक असेल तर त्यावर काय लिहिले आहे, हे तिने स्वतः पाहून तारखेसह वहीत लिहावे आणि फोटो काढावेत. ‘अमुक महिन्यात आम्ही पाहिले तेव्हा’ एवढे लिहिले तरी तो स्वतःचा आधार होतो आणि तो कुठूनही उतरवता येत नाही.

पाहिलेले आणि त्यावरून काढलेले अनुमान यांतली रेघ मात्र जपली पाहिजे. मराठवाड्यातल्या अनेक भुईकोटांच्या तटांत आधीच्या बांधकामांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. असा दगड दिसला की लगेच दोन प्रकारचे लेख तयार होतात. एक म्हणतो, अमक्या सुलतानाने मंदिर पाडून किल्ला बांधला. दुसरा म्हणतो, असे काही घडलेच नाही, सगळा अपप्रचार आहे. दोघांकडे पुरावा तेवढाच, तो दगड. दगड काय सांगतो? तो त्या भिंतीपेक्षा जुना आहे, एवढेच. मूळ इमारत पाडली होती की आधीच पडलेली होती, कुणी आणि केव्हा, हे सांगायला शिलालेख लागतो, त्या काळचा ग्रंथ लागतो, नाहीतर अभ्यासकाने केलेली पाहणी लागते. तो आधार मिळाला तर जे असेल ते लिहावे, आपल्याला आवडो न आवडो. नाही मिळाला तर ‘तटात कोरीव दगड दिसतात’ इथे थांबावे. ज्या गावात किल्ला, मंदिर, मशीद आणि माणसे शेजारी शेजारी आहेत, तिथे बिनआधाराचे एक वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरून कुणाच्या दारात जाऊन पोचेल, हे आपल्यापैकी बहुतेकांना वेगळे सांगायला नको.

आता पुस्तकांकडे. जिल्ह्यावर लिहिताना पहिला दरवाजा गॅझेटिअरचा. बीडचे इंग्रजी गॅझेटिअर महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये काढले. मराठी विश्वकोशही आता विनामूल्य वाचता येतो. पण इथे बरेच जण एका साध्या गोष्टीमुळे अडतात, ती म्हणजे नावे. जुन्या इंग्रजी कागदांत आपला जिल्हा आजच्या ‘बीड’ या स्पेलिंगने सापडत नाही. तिथे तो ‘भीर’ नाहीतर ‘बीर’ असतो. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. धर्मापुरीच्या आसपासचे जुने संदर्भ शोधणारी मुलगी फक्त ‘अंबाजोगाई’ टाकत राहिली, तर नेमके जुने कागद तिच्या हाती लागायचे नाहीत. ‘मोमिनाबाद’ टाकून पाहा, उर्दू लिपीत टाकून पाहा.

आणि इथे आपल्या घरांचा एक मोठा फायदा आहे, तो आपल्यालाच दिसत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा कारभार आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चालला. म्हणजे आपल्या भागाचा बराचसा इतिहास अशा लिपीत पडून आहे, जी आजच्या बहुतेक मराठी लेखकांना वाचता येत नाही. मूळचे निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांना फारसी-उर्दू येत होती, म्हणून त्यांनी मोगल दरबारची कागदपत्रे मराठी वाचकांपुढे आणली आणि मराठ्यांच्या इतिहासात मोलाची भर पडली. आपल्या घरात दादी किंवा नाना उर्दू सहज वाचतात, मुलांना मराठी शाळेमुळे ती येत नाही आणि पेटीतला जुना कागद तसाच घडीत राहतो. हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात मोगल आणि आसफजाही काळातले कागद आहेत. तिथपर्यंत जाणे सर्वांना जमणार नाही, पण ‘रेख्ता’ आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ यांच्यावर हजारो जुनी उर्दू पुस्तके विनामूल्य आहेत. ती वाचू शकणारा मराठी लेखक दुर्मिळ आहे आणि ग्राहक अशा माणसाला थोडा जास्त भाव द्यायला तयार होतो.

या कागदांत एक खड्डा आहे, तो सनाचा. समजा, जुन्या खरेदीखतावर १३४० हा आकडा आहे. हा सन फसली असेल तर तो इसवी १९३०-३१ होतो. निजामाच्या राज्यातल्या फसलीत साधारण ५९० मिळवायचे. हिजरी असेल तर १९२१-२२. आणि शक असेल तर १४१८! हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे लहान असते, म्हणून त्यात नुसते ६२२ मिळवूनही उत्तर येत नाही. त्यासाठी तक्ता बघावा लागतो. कागदावरच्या महिन्याचे नाव बघितले की बहुधा उलगडा होतो. मुहर्रम-सफर असेल तर हिजरी. आजूर, दै, बहमन असे असेल तर फसली. लेखात मूळ आकडा आणि त्याचे इसवी रूप, दोन्ही द्यावेत.

ग्रंथ सापडला तरी एक प्रश्न उरतो: लिहिणारा घटनेच्या किती जवळ होता? आपल्याच जिल्ह्यातली मुहम्मद तुघलकाच्या दाताची गोष्ट घ्या. दक्षिणेतून परतताना बीडजवळ त्याचा दात पडला आणि त्याने तो समारंभाने पुरून वर मकबरा बांधायला सांगितला, असे बीडच्या पर्यटनावरील लेखांत वाचायला मिळते. हा मजकूर फरिश्त्याच्या ग्रंथात आहे, म्हणजे आधार आहे. पण तुघलक वारला १३५१ मध्ये आणि फरिश्ता लिहीत होता १६०६ च्या सुमारास. मध्ये अडीचशे वर्षे गेली. फरिश्ता अहमदनगरला वाढला होता, तेव्हा त्याच्या काळी या भागात ही आठवण सांगितली जात होती, एवढे त्यावरून म्हणता येते. पुढचे काम म्हणजे तुघलकाच्या दरबारात प्रत्यक्ष वावरलेले दोघे लेखक, बरनी आणि इब्न बतूता, यांचे ग्रंथ उघडून तिथे या दाताबद्दल काही आहे का ते बघणे. तोवर ‘फरिश्ता सांगतो की’ असे लिहावे. या तीन शब्दांनी गोष्टीची गंमत कमी होत नाही आणि जबाबदारी जिथली तिथे राहते.

दीनी मजकूर लिहून देणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. ‘हदीस : बुखारी’ एवढे लिहिणे म्हणजे आधार देणे नव्हे. किताबाचे प्रकरण आणि क्रमांक द्यावा, शिवाय कोणत्या आवृत्तीचा तेही, कारण सहीह मुस्लिमचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. इल्मसाठी चीनपर्यंत जा, अशा अर्थाचे वचन आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. मुहद्दिसांनी त्याची सनद कमजोर ठरवली आहे आणि इब्न जौझींनी तर ते बनावट रिवायतींच्या संग्रहात घातले. इल्म मिळवणे फर्ज असल्याची रिवायत इब्न माजाहमध्ये २२४ क्रमांकावर आहे. तिच्या सनदीवरही आलिमांनी चर्चा केली आहे. आपल्याला निकाल देता येत नसेल तर जाणत्या आलिमांना विचारावे आणि मगच लेख पाठवावा.

आकड्यांचे थोडक्यात सांगतो. ‘बीडमध्ये हजार मुलांमागे ८०७ मुली’ हे वाक्य सगळीकडे दिसते. आकडा खरा आहे, पण तो २०११ च्या जनगणनेचा आणि शून्य ते सहा वयाच्या मुलांपुरता आहे. वर्ष आणि वयोगट गाळला की तोच आकडा आजचा आणि सगळ्या लोकसंख्येचा वाटू लागतो. पुढची जनगणना लांबली, म्हणून तर वर्ष लिहिणे अधिकच गरजेचे.

आणि चॅटजीपीटीसारखी साधने? भाषा सफाईदार करून घ्यायला वापरा, आधार मागायला नको. ती न लिहिलेल्या पुस्तकांची नावेही बेधडक देतात. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी अशा साधनाने रचलेले, कधीच न झालेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले. जून २०२३ मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. जे पान स्वतः उघडून वाचले नाही, त्याचे नाव लेखाखाली घालू नये.

ग्राहकाला आधारांची यादी नको असते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी ती आपल्याजवळ असावी. प्रत्येक लेखाची एक वही किंवा एक फाइल करा. त्यात वाक्य, ते कुठून घेतले, पान क्रमांक, संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीख, एवढे लिहीत चला. संकेतस्थळे बंद पडतात, म्हणून महत्त्वाचे पान ‘वेबॅक मशीन’वर जतन करून ठेवा. दर ठरवताना या कामाचा वेळ त्यात धरा. हजार शब्दांच्या लेखाला दोन दिवसांची पायपीट लागणार असेल तर ते आधीच सांगा. दर परवडत नसेल तर कमी शब्दांचा लेख देऊ करा. आधार दिला म्हणजे दुसऱ्याची पाने उचलण्याची परवानगी मिळाली असेही नाही. आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे राहतो, तेव्हा वाचलेले आपल्या शब्दांत लिहावे.

राहिले गावातल्या बुजुर्गांच्या आठवणींचे. त्याही आधारच आहेत, फक्त सांगणाऱ्याचे वय काय, त्यांनी स्वतः पाहिले की वडिलांकडून ऐकले, हे सोबत नोंदवावे. दादी जुना कागद वाचून दाखवत असतील तर मोबाइलवर आवाज भरून घ्या, अडलेला शब्द दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या. आणि लेखात त्यांचे नाव घालायचे की नुसते ‘घरातील एका वडीलधाऱ्या बाईंनी वाचून दाखवले’ असे लिहायचे, हे लेख पाठवण्याआधी त्यांनाच विचारा.