पोरांनी हिशेब मांडावा, थोरांनी ऐकावा



मागच्या जिल्हा बैठकीत माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्यांची 'शाश्वत शेती परिषद' भरवण्याचा विषय निघाला, तेव्हा मागच्या रांगेतून एक जण उठला आणि म्हणाला, "कापसाला भाव नाही, विम्याचा पत्ता नाही, आणि तुम्हाला पोरांचं संमेलन सुचतंय?" प्रश्न रास्त आहे. अनेकांच्या मनात तो असणार, म्हणून त्याचे उत्तर इथेच देतो.

'शाश्वत' हा शब्द आपण पहिल्यांदा कीर्तनात ऐकला. आता तो सरकारी फायलीत आणि खताच्या पोत्यावरही दिसतो. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या एका आयोगाने 1987 साली त्याचा अर्थ सांगितला तो असा, की आजची गरज भागवताना पुढच्या पिढीला तिची गरज भागवता येणार नाही असे काही करू नये. आपल्याकडे दुष्काळातही बियाण्याची ज्वारी वेगळी बांधून ठेवणाऱ्या आजीला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. मात्र त्यात आमची एक पुरवणी आहे. ज्या शेतीत घातलेला खर्च निघत नाही, ती शेती टिकत नाही, मग तिला कितीही शेणखत घाला. भावाचा प्रश्न बाजूला ठेवून शाश्वत शेतीवर बोलणाऱ्याला आम्ही व्यासपीठ देणार नाही.

परिषदा आम्ही पुष्कळ पाहिल्या. एका तालुक्याच्या गावी पर्यावरणाच्या कार्यक्रमात पोरे सकाळी दहापासून उन्हात बसली होती. दीड तास सत्कार झाले. मग शहरातून आलेल्या पाहुण्यांनी शेतकरी पाणी कसे वाया घालवतो आणि औषध कसे बेसुमार फवारतो, ते सांगितले. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे बाप त्याच वेळी पाठीवर पंप घेऊन रानात होते. त्या पोरांनी घरी जाताना काय नेले? आपला बाप गुन्हेगार आहे, एवढेच. असली परिषद आम्हाला भरवायची नाही.

दुसरी वाट आपल्या देशात आहे. 1993 पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरते. त्यात 10 ते 17 वर्षांची मुले आपल्याच गावातला एखादा प्रश्न घेतात, महिनोन्‌महिने मोजमाप करतात, वहीत नोंद ठेवतात आणि आपले काम स्वतः मांडतात. तीच रीत आम्ही घ्यायची म्हणतो. दर शाळेने तीन वह्या घालाव्यात.

पहिली वही पावसाची. सरळ उभ्या बाजूंचा डबा, एक पट्टी आणि झाडा-भिंतीपासून दूर जागा, एवढेच भांडवल. रोज सकाळी साडेआठला मोजायचे. एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडले, हे गणित पोराने स्वतः करून पाहिले की बांध का घालायचा हे वेगळे सांगावे लागत नाही. या वहीला दुसरेही मोल आहे. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, पण मोजमाप महसूल मंडळातल्या केंद्राचे. आपल्या शिवारात ढग फुटतो आणि केंद्रावर शिंतोडे पडतात. शाळेची वही सरकार पुरावा मानणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण वीस गावांच्या वह्या एका टेबलावर पडल्या की साहेबाला निदान उत्तर तरी द्यावे लागेल.

दुसरी वही विहिरीची. दोरीला दगड बांधायचा, दर हाताला गाठ मारायची आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते दर पंधरवड्याला लिहायचे. भूजल सर्वेक्षणाचे लोक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात, पण तुमच्या गल्लीतली विहीर त्यांच्या यादीत असेलच असे नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीने 1990 च्या दशकात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम केले आणि पुढे कोरडवाहू गावात द्राक्षे पिकवली. ते पाहायला पोरांना न्यायचेच. पण तिथे आणि आपल्या गावातही एक प्रश्न त्यांनी विचारावा: प्लास्टिक घातलेले शेततळे पावसाने भरते, की विहिरीतून उपसून? उपसून भरले असेल तर त्यातले काही पाणी उन्हाने उडते आणि शेजाऱ्याची विहीर आधी तळ गाठते. हे विचारायला आपण मोठी माणसे कचरतो, कारण शेततळेवाला आपला पाहुणा असतो.

तिसरी वही एका एकराची. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, भाडे आणि घरच्या माणसांचे दिवसही. आई निंदायला किती दिवस गेली ते लिहायचे. ज्वारीच्या हिशेबात कडबाही धरायचा. पऱ्हाट्या जाळल्या की कुजवल्या, शेणखत किती गाड्या पडले, फरदड घेतली का, याची नोंद करायची. 2017 साली बोंडअळीने महाराष्ट्रात काय केले ते आपण विसरलेलो नाही. फरदडीचा कापूस हाताला चार पैसे देतो, पण अळीचा मुक्कामही लांबवतो आणि पुढच्या हंगामात ती साऱ्या शिवारात फिरते. फरदड घेणाऱ्याला मूर्ख म्हणून चालणार नाही. उधारी फेडायची असते म्हणून तो घेतो. दोन्ही गोष्टी एकाच वहीत आल्या, तरच खरे कारण दिसेल.

इथे एक भीती आहे आणि ती खोटी नाही. पोराने खर्च लिहिला की घरचे कर्ज उघडे पडेल. म्हणून नियम असा, की वहीवर शेतकऱ्याचे नाव नाही, गट नंबर नाही, सावकाराचा उल्लेख नाही. चारचौघांत बापाची मान खाली जाईल असा एकही आकडा मांडला जाणार नाही. आणि बिनकठड्याच्या विहिरीवर पोराला एकटे पाठवायचे नाही, सोबत मोठे माणूस हवेच.

तारखेचाही विचार केला. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते आणि बाके रिकामी पडतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मंठा, परतूर, घनसावंगीकडची कितीतरी पोरे त्यांच्याबरोबर जातात. त्यांच्यावाचून परिषद भरवणे म्हणजे ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्यांनाच वगळणे. म्हणून 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन धरला आहे. सकाळी झेंडावंदन, मग परिषद. दुपारी तीनला समारोप, म्हणजे मुलींना एस.टी. मिळेल आणि दिवेलागणीच्या आत त्या घरी पोचतील. हार नाही, शाल-नारळ नाही. भाकरी ज्याची त्याने बांधून आणावी, पिठले आणि ठेचा आम्ही करू. खुर्च्यांवर पोरे बसतील, सतरंजीवर आपण. पोरांनी विचारायचे, आपण उत्तर द्यायचे, आणि उत्तर नसेल तर तसे सांगायचे.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली होती की खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञानही शिकवावे. ती मागणी अजून पुरी झालेली नाही. आमची पोरे दहावीला पाठ केलेली व्याख्या लिहितात आणि बांधावर आली की त्यांना वाटते, इथे शिकण्यासारखे काही नाही. त्यांनी शेतीतच राहावे असा आमचा हट्ट नाही. ज्याला जायचे त्याने जावे. पण जाताना त्याला आपल्या बापाचा तोटा कुठे झाला हे आकड्यानिशी ठाऊक असावे, म्हणजे उद्या तो ज्या कचेरीत बसेल तिथे शेतकऱ्याला आळशी म्हणणाऱ्याला तो गप्प करू शकेल.

मागच्या रांगेतल्या भावाला एवढेच सांगणे आहे. भावाची लढाई थांबलेली नाही. त्या लढाईत आपण आजवर पोटतिडकीने बोललो, आकडे मात्र समोरच्याने आणले. आता आकडेही आपलेच असू द्या. दर गावातल्या कार्यकर्त्याने या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटावे, विज्ञानाच्या आणि गणिताच्या गुरुजींना गाठावे आणि तीन कोऱ्या वह्या देऊन यावे. वह्यांचे पैसे शाळेकडे मागू नयेत.