अनुभवाचा दाखला मालकाच्या मर्जीवर नको

जालन्याच्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये चार-पाच वर्षं राबलेला फिटर वाळूजला किंवा चाकणला नोकरी मागायला जातो, तेव्हा त्याच्या हातातलं कसब पाहण्याआधीच विचारणा होते : 'आधीच्या कंपनीचा दाखला आणलाय का? तिथल्या साहेबांचा नंबर द्या.' इथंच गाडी अडते. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, पगार ठेकेदाराच्या हातून, गेटपासवर नावही ठेकेदाराचंच. मिलचं ऑफिस म्हणतं, हा आमचा माणूस नाही. ठेकेदार फोन उचलत नाही.

सळई आणि बियाणं या दोन धंद्यांवर जालन्याचं नाव झालं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको सुरू केली, तेव्हापासून बियाण्यांचं शहर ही ओळख टिकून आहे. अशा गावात एका धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात आणि नोकरीची चौकशी फोनवरच उरकली जाते. 'पोरगा बरा आहे, पण...' एवढं कुणी म्हटलं की विषय संपला. त्या 'पण'च्या पुढे काय होतं, हे उमेदवाराला कधीच कळत नाही. खुलासा करायला त्याला कुणी बोलावत नाही. हा सरळसरळ अन्याय आहे.

दाखला ही मेहेरबानी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेचं कलम ५६ सांगतं, की कंत्राटी कामगाराने मागितल्यावर ठेकेदाराने त्याला केलेल्या कामाचा तपशील देणारं अनुभव प्रमाणपत्र दिलंच पाहिजे. नेमणूकपत्रही याच संहितेनं बंधनकारक केलं आहे. जर्मनीत तर नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला लेखी प्रमाणपत्राचा कायदेशीर हक्क आहे.

दाखला हाती येईपर्यंत पीएफचा आधार घेता येतो. यूएएनच्या बारा आकड्यांमागे कुठल्या आस्थापनेत कधी लागलो, कधी सोडलं याची नोंद असते. मालकाने सोडल्याची तारीख भरली नाही, तर २०२० पासून कामगाराला ती स्वतः भरता येते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावं लागतं, एवढंच. पीएफच कापला नसेल, तर बँकेत जमा झालेला पगार दाखवावा. ज्या सुपरवायझरचं नाव द्यायचं, त्यांना आधी विचारून घ्यावं. चालू नोकरीतल्या साहेबांचा नंबर मात्र नवी ऑफर लेखी मिळेपर्यंत देऊ नये आणि तसं मुलाखतीत स्पष्ट सांगावं. त्यात उद्धटपणा काही नाही. असलेली नोकरी गमावण्याची भीती खरी असते.

खरी जबाबदारी मात्र कारखानदारांची आहे. ठेकेदाराचं बिल पास करताना ते पीएफचं चलन मागतात. त्याच फाइलमध्ये सोडून गेलेल्या कामगारांना दिलेल्या दाखल्यांच्या प्रतीही त्यांनी मागाव्यात. दाखला नाही, तर बिल नाही, असा नियम जालन्यातल्या मिलमालकांनी या महिन्यापासूनच लावावा.