तिकीट नसलेलं चित्रघर



संग्रहालय म्हटलं की काय आठवतं? वर्गात विचारलं, तर उत्तरं ठरलेली. सहल, रांग आणि ‘चला, पुढं सरका!’ पैसे भरलेत ना, मग तासाभरात सगळं बघून संपवायचं!

आजच्या चित्रघरात अशी घाई करायचं कारणच नाही. अमेरिकेत न्यू हेवन शहरात येल विद्यापीठ आहे. त्याच्याच आवारात हे कलासंग्रहालय आहे. तिथला विद्यार्थी असो की रस्त्यानं जाणारा एखादा मुलगा, आत जायला कुणालाच पैसे पडत नाहीत.

त्याची सुरुवात झाली १८३२ साली. जॉन ट्रंबुल नावाचे एक चित्रकार होते. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा अधू झाला, पण त्यांनी ब्रश सोडला नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते स्वतः लढले आणि पुढं त्याच युद्धाचे प्रसंग त्यांनी रंगवले. म्हातारपणी पैशांची ओढाताण झाली, तेव्हा त्यांनी शंभरावर चित्रं येलला दिली. बदल्यात मागितलं काय, तर हयात असेपर्यंत वर्षाला १००० डॉलर! सुरुवातीला तिथं तिकीट होतं. आपल्यामागं त्या पैशांतून गरीब मुलांनी शिकावं, अशी ट्रंबुल यांची इच्छा होती. आज तिकीटच उरलेलं नाही.

याच संग्रहालयात व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचं १८८८ सालचं एक चित्र आहे. फ्रान्समधल्या आर्ल गावातलं रात्रभर उघडं असणारं कॅफे त्यात दिसतं. तीन रात्री जागून, दिवसा झोपून त्यांनी ते रंगवलं. पहिल्यांदा बघणारा म्हणेल, “शी! किती भडक!” लालभडक भिंती, हिरवं छत, मधोमध बिलियर्डचं टेबल. पण जरा थांबा. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेलेत. दिव्यांभोवती पिवळी वलयं आहेत. कडेच्या टेबलांवर माणसं डोकं टेकून बसली आहेत. घर नाही का यांना? आता तो लाल-हिरवा रंग डोळ्यांना का टोचतो, ते कळायला लागतं. चित्रकाराला तेच तर हवं होतं!

हे पहिल्या मिनिटात कळत नाही, पाचव्या मिनिटात कळतं. म्हणून तिकीट नसण्याचा खरा फायदा पैसे वाचण्यात नाही. आज एकच चित्र बघून घरी जाता येतं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येता येतं.

न्यू हेवन लांब आहे, हे खरंच. पण आपल्याकडच्या चित्रकला महाविद्यालयांतही मुलांच्या चित्रांची वार्षिक प्रदर्शनं भरतात आणि बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. तिथं जाल, तेव्हा हा खेळ खेळा. एकच चित्र निवडा. पाच मिनिटं बघा. मग पाठ फिरवून त्यातल्या दहा गोष्टी सांगा.

आणि पालकांनो, बाहेर पडल्या पडल्या “काय शिकलास?” असं विचारू नका हं. “कुठलं चित्र आवडलं नाही?” असं विचारा. मुलं भरभरून बोलतील.

तुमची,
बाई