हगवणीत लेकराचे पाणी तोडू नका

आमच्या शेतकरी व कारूनारू बंधूंच्या घरी लेकरास हगवण लागली की प्रथम त्याचे पाणी तोडतात. मग दृष्ट, अंगारा, भटजीची ग्रहशांती. गेल्या आषाढात आमच्या शाळेतील एका मुलाची धाकटी बहीण अशीच गेली. घरात मीठ होते, साखरही होती! अंगातले पाणी व क्षार निघून गेल्यानेच लेकरू दगावते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे पाणी पाजून पटकीचे मृत्यू शेकडा ३० वरून ४ च्या आत आणले. घरी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. अंगारा मागाहून लावा, आमची हरकत नाही. मात्र डोळे खोल गेले वा लघवी थांबली, तर मुहूर्त न पाहता तडक दवाखाना गाठावा, आणि वाटेतही पाणी पाजीत राहावे.