बुद्धिबळाचा पट आणि हजेरीचा पट

दुसरे महायुद्ध संपून ऐंशी वर्षे उलटली. पण आपल्याकडच्या चहाच्या दुकानांत ते अजून जोरात चालू आहे. कुणी रोमेलला पेट्रोल पुरवून अल् अलामीनवरून थेट कैरोत नेऊन सोडतो. कुणी हिटलरला रशियाच्या वाटेवरून परत फिरवतो. कुणी पर्ल हार्बरवरचा हल्लाच रद्द करतो आणि अमेरिकेला घरी बसवतो. चहाचा कप रिकामा होईपर्यंत दोन-तीन मोहिमा सहज आटोपतात. या मंडळींना रणगाड्यांची नावे पाठ असतात, सेनापतींच्या सवयी ठाऊक असतात, स्टालिनग्राड कोणत्या तारखेला पडले असते आणि का पडले नाही, हे ते बोटांवर सांगतात. त्यांना एवढेच विचारावे की, "का हो, तुमच्या तालुक्यातला एखादा माणूस त्या युद्धात होता काय?" की लगेच बशी खाली ठेवून ते पावसापाण्याच्या गोष्टी काढतात.

मी मॅट्रिक झालेला मास्तर आहे. सोनगीरला मुलांना इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. रणविद्येतला अधिकारी म्हणून मला कोणी ओळखत नाही, आणि तशी माझी इच्छाही नाही. पण मास्तरकी आणि कादंबरी या दोन्ही धंद्यांत माणसे नावानिशी ठाऊक असावी लागतात. म्हणूनच हा वाद मी अंगावर घेतो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: महायुद्धाचा अभ्यास आपण बुद्धिबळाच्या पटावर करतो, तो हजेरीच्या पटावर करायला हवा. राजा-वजिरांच्या चाली पाहण्यात आपण इतके रंगून गेलो आहोत, की प्यादी कोण होती, कुठल्या गावची होती आणि काय खाऊन लढत होती, हे विचारायचेच राहून गेले आहे. आणि गंमत अशी, की ते विचारले नाही तर चालीही कळत नाहीत.

आमचे सोनगीर मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. भांडे पारखणारी बाई त्याच्या चकाकीला भुलत नाही. टिचकी मारून आवाज ऐकते, हातात धरून वजन पाहते, आणि मगच भावाची गोष्ट काढते. पुस्तकांतून ज्यांना 'निर्णायक क्षण' म्हणतात, त्यांनाही अशीच टिचकी मारून पाहू या.

पहिल्या महायुद्धातले कूत घ्या. आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावर हे गाव आहे. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या रोखाने निघालेले इंग्रजांचे सैन्य टेसिफोनपाशी अडले आणि मागे हटून कूतला आले. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. या सैन्याचे नाव होते सहावी पुणे डिव्हिजन! तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. पुस्तके सांगतात, की येथे सेनापती टाउनशेंड यांची चाल चुकली. चुकली असेल. पण वेढ्याचा शेवट बंदुकीने केला नाही, तो रिकाम्या कोठाराने केला. पीठ औंसांवर आले. घोडी आणि खेचरे मारून खाण्याची पाळी आली, तेव्हा आपले पुष्कळ शिपाई धर्म मोडायला तयार होईनात. भाजीपाल्यावाचून त्यांच्या हिरड्या सुजल्या, अंगातले रक्त नासले. विमानांतून धान्याच्या गोण्या टाकून पाहिल्या, पण एवढ्या तोंडांना त्या पुरणार कशा? २४ एप्रिलला 'जुल्नार' नावाची आगबोट २७० टन अन्न घेऊन रात्री निघाली, तीही तुर्कांच्या हाती सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेतील मेलेले आणि जखमी मिळून सुमारे २३,००० झाले होते. तेरा हजारांसाठी तेवीस हजार! हे त्रैराशिक कोणत्या शाळेत शिकवतात?

पुढची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. सेनापती टाउनशेंड यांची रवानगी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर झाली. तेथे ते बंगल्यात राहिले आणि कैदेत असतानाच त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्यांचे शिपाई मात्र वाळवंटातून पायी हाकलले गेले, आगगाडीच्या रुळांच्या कामावर जुंपले गेले आणि ताप, हगवण व उपासमार यांनी हजारोंनी मेले.

हा प्रकार इंग्रजांपुरताच होता असे कुणी समजू नये. १९४२ च्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडला जर्मनांची सहावी फौज वेढली गेली. तिला दिवसाला पाचशे टन सामान लागत होते. विमानांनी पोचत होते सरासरीने शंभराच्या आसपास. २ फेब्रुवारी १९४३ ला ती फौज संपली. सुमारे ९१,००० जर्मन कैदी झाले, त्यांतले पाच-सहा हजारच पुढे घर पाहू शकले. सेनापती पाउलुस मात्र जगले आणि १९५७ साली ड्रेस्डेनमध्ये आजारपणाने वारले. बुद्धिबळात डाव संपल्यावर राजा आणि प्यादे एकाच डब्यात जातात, असे म्हणतात. युद्धात डबेही वेगळे असतात.

तिसरी टिचकी आपल्या घरच्या भांड्यावर मारू. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी सेनापती मुतागुची यांची फौज चिंदविन नदी ओलांडून मणिपूर-नागा टेकड्यांत शिरली. बरोबर शिधा होता जेमतेम तीन आठवड्यांचा. पुढचे अन्न इंफाळच्या कोठारांतून लुटायचे असा बेत होता. वाटेत सांगशाक नावाच्या खेड्यावर हिंदी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला आलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन यांनी त्यांना २० ते २६ मार्च अडवून धरले. टेकडीवर पाण्याचे हाल, तरी माणसे हटेनात. सहाच दिवस! पण ज्याच्या पोतडीत तीन आठवड्यांचेच धान्य आहे, त्याचे सहा दिवस म्हणजे काय, हे दुष्काळ पाहिलेल्या खानदेशातल्या बाईला मी समजावून सांगायला नको. पुढे कोहिमा टिकली, इंफाळ टिकले, आणि परत फिरलेले जपानी शिपाई उपासाने व रोगाने रस्त्यारस्त्यावर पडले. कोहिमाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. सांगशाकचे नाव किती मराठी घरांत ठाऊक आहे?

तेव्हा निर्णायक वळण म्हणजे सेनापतीच्या डोक्यात चमकलेली वीज, ही समजूत सोडा. ते वळण धान्याच्या कोठारापाशी आणि पाण्याच्या टाकीपाशी असते. ज्याला हे कळत नाही, त्याने कितीही नकाशे रंगवले तरी त्याला मोहीम कळली असे मी म्हणणार नाही.

आता हजेरीपटाकडे वळतो, कारण माझे खरे भांडण तेथेच आहे. मेसोपोटेमियात पडलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. आणि हिंदी शिपायांची? त्यांच्या पलटणीचे नाव, आणि पुढे नुसता आकडा. ज्या मंडळाने हे केले, त्या राष्ट्रकुल युद्धसमाधी मंडळाने २०२१ साली अहवाल काढून या भेदभावाबद्दल क्षमा मागितली. त्यांनी क्षमा मागितली ते बरे झाले. पण आपण काय केले? महाराष्ट्रात कितीतरी गावांत चावडीला किंवा वेशीला दगडी पाटी बसवलेली आहे: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके लोक गेले, पैकी इतके कामी आले. तेथेही आकडेच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक कौतुकाने 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. शेहेचाळीस हा आकडा पाठ करणे सोपे आहे. शेहेचाळीस नावे वाचायला लागा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या नावाला आवाज बदलतो. वर्गात मी "आज पस्तीस हजर" असे म्हणून पट मिटला, तर मुलेच ओरडतील की आमची नावे घ्या!

यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, "मास्तर, ते युद्ध आपले नव्हतेच. भाडोत्री फौजेचा कसला अभिमान?" वर्गातला एक पोरगा हेच आमच्या अहिराणीत अधिक सरळपणे विचारतो, "मास्तर, त्यामा आपलं काय शे?" पोराचा प्रश्न खरा आहे, म्हणून त्याला उत्तर देतो.

सोनगीरहून दोंडाईच्याकडे जाताना चिमठाणे लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी तेथे क्रांतिकारकांनी सरकारी खजिन्याची गाडी अडवून साडेपाच लाखांचा खजिना लुटला. त्यांत आपले खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील होते, साताऱ्याच्या प्रतिसरकारातले नागनाथअण्णा नायकवडी होते. त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत कापूस, सोने आणि दारूगोळा भरलेली 'फोर्ट स्टिकिन' ही बोट फुटली आणि शेकडो माणसे ठार झाली. आणि त्याच दिवशी कोहिमाला जपान्यांचा वेढा पडलेला होता. एकच तारीख, एकच युद्ध, तीन ठिकाणी! चिमठाण्याची गाडी अडवणाराही त्या युद्धाच्या धामधुमीतच सरकारशी लढत होता, गोदीतला हमाल त्या युद्धाचे ओझे उचलता उचलता मेला, आणि खंदकातला शिपाई त्याच सरकारचा गणवेष घालून देशाची वेस राखत होता. १९४२ च्या सप्टेंबरात नंदुरबारला गोळी खाऊन पडलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार याच युद्धाच्या काळातला. ब्रह्मदेशाचा तांदूळ तुटल्यावर १९४३ साली बंगालमध्ये लाखो लोक अन्नावाचून मेले, तेही याच युद्धातले. त्यांना विचारा, युद्ध कोणाचे होते! ते पुकारले इतरांनी, हे खरे. पण त्याची किंमत आपण मोजली आहे, आणि ज्याने किंमत मोजली त्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे. अभिमान बाळगा अथवा बाळगू नका. हिशेब मात्र ठेवा.

दुसरा आक्षेप असा येईल, की या रडगाण्यात पराक्रमाला जागा कुठे? जागा आहे, किंबहुना येथेच आहे. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुका आहे. तिथल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ ला इटलीत, तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले सगळे शिपाई मशीनगनच्या माऱ्यात पडले. एकटे घाडगे उरले. ते धावत त्या मशीनगनवर गेले, हातबाँब टाकला, एकाला गोळी घातली, काडतुसे भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले, आणि मग दडलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी पडले. वय बावीस. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीच्या खोल पाण्यातून जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पलीकडे नेले, आणि मग एकट्याने मशीनगनची ठाणी उडवून काठावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना दिली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रोमेलच्या टोपीवरचा गॉगल ज्याला ठाऊक आहे, त्या आपल्या पोराला ही दोन नावे ठाऊक आहेत काय? आणि घाडग्यांच्या तुकडीतल्या त्या पडलेल्यांची नावे, ती तर मलाही शिकवायची आहेत.

"सणासुदीच्या दिवसांत हे मरणाचे बोलणे कशाला?" असे एखादी काकू म्हणेल. काकू, आपणच धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावता ना? आपल्या सणाला मरणाचे वावडे नाही. त्याला विस्मरणाचे वावडे आहे.

म्हणून वाचकहो, एक काम सांगतो, मास्तरच्या सवयीने. सुट्टीत गावी आला असाल, तर तुमच्या गावात अशी दगडी पाटी आहे का, पाहा. तिच्यावर चुना चढला असेल तर धुऊन काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुणाचे आजे-पणजे बसऱ्याला, ब्रह्मदेशात, इटलीत गेले होते. जुन्या ट्रंकेत एखादे पदक, पेन्शनचा कागद, एखादे पत्र सापडेल. त्यावरची पलटण आणि क्रमांक उतरवून घ्या. आकड्यापुढे एक नाव लिहा, मग दुसरे. शाळेच्या वहीत लिहा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा, कुठेही लिहा. नकाशे नंतर काढू. रोमेल काही कुठे पळून जात नाही.